सॅड

मंगळवारी मी एनिड डकवर्थच्या डोळ्यांत थेंब घालायला जाते.
हॅस्लिंग्डनच्या चढावर दगडी घरांची रांग,
शेवटून तिसरं.
स्वयंपाकघराचं दार मिटू नये म्हणून
उंबऱ्याशी एक बिडाची इस्त्री टेकवलेली.
"हिला सॅड आयर्न म्हणतात," ती म्हणाली, "उचलून बघ."
उचलली. मनगट खाली गेलं.
"दुःखी कशानं झाली ही?"
"दुःखी कुठली, जड आहे."
आणि हसली, माझ्या इंग्रजीला नव्हे,
स्वतःच्याच इंग्रजीला.

घरी येऊन जाडा शब्दकोश काढला.
सॅड. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं, पानभर.
हजार वर्षांपूर्वी या शब्दाचं पोट भरलेलं होतं.
अर्थ एवढाच: जेवण झालं, आता नको.
जर्मनांकडे राहिलेला त्याचा भाऊ
अजून ताटावर ढेकर देत बसलाय.
हा मात्र वेळेवर उठला नाही.
तृप्तीची सुस्ती झाली, सुस्तीचा शीण,
मग घट्ट, भरीव;
एके काळी भरवशाच्या माणसालाही सॅड म्हणत,
वाऱ्यानं न हलणाऱ्या.
मग गंभीर. मग गडद रंगाचं कापड,
नांगराला दाद न देणारी चिकण माती,
आणि कधीतरी, तारीख कुणी लिहून ठेवली नाही,
खिडकीशी बसून राहिलेलं कुणीतरी.

भरल्या पोटापासून तिथवर
तो आपल्या पायांनी आला की उचलून आणला गेला,
शब्दकोश सांगत नाही.

पुढच्या मंगळवारी ती सॅड केक करत होती.
मैदा, चरबी, काळ्या मनुका, चिमूटभर मीठ,
लाटून ताटाएवढा.
फुगत नाही म्हणून सॅड.
क्लिफर्ड तो रुमालात बांधून गिरणीत न्यायचा,
वाफेच्या नळीवर ठेवायचा,
बारा वाजता लोणी लावलं की विरघळून मनगटापर्यंत ओघळायचं,
असं ती सांगत होती, पिठाचे हात हवेत धरून.

पण पीठच त्या दिवशी वेगळं निघालं.
नातसुनेनं डब्यात भरून ठेवलेलं, आपोआप फुगणारं.
ओव्हन उघडला तर केक
बाळाच्या गालासारखा वर आलेला.

एनिड बघतच राहिली.
क्लिफर्डला पुरलं त्या दिवशी ती रडली नव्हती,
चर्चमागच्या हॉलमध्ये उभी राहून
माणशी दोन सँडविचं मोजून दिली होती,
शेजारची मॉरीन अजून सांगते.
त्या केकपुढे रडली.
"हलका झाला," म्हणाली,
"बघ ना, किती हलका झाला मेला."

मी थेंबांची बाटली हातात धरून उभी.
भरल्या डोळ्यांत आणखी काय घालायचं?

सांगावंसं वाटलं तिला,
की माझ्या भाषेत घागर भरते, पोट भरतं,
बाईचे दिवस भरतात, पापाचा घडासुद्धा,
आणि ऊर भरून येतो.
तुमचा शब्द हजार वर्षं चालला
तेवढं अंतर आमच्याकडे
भरणं आणि भरून येणं यांच्यात,
मधे नुसतं एक येणं.
पण हे इंग्रजीत सांगायला
माझ्यापाशी फुल एवढाच शब्द होता,
पेट्रोलपंपावरचा.
गप्प राहिले.

केक आम्ही पाखरांना घातला नाही. खाल्ला.
चांगला होता, त्याचा काय दोष.
दुसरा तुकडा पुढे केला तर
बशीवर हात आडवा धरून म्हणाली, भरलं.
कुठलं, ते मी विचारलं नाही.

थेंब राहूनच गेले.
निघताना वारा सुटला होता टेकडीवरून.
दार आपटू नये म्हणून तिनं
पायानं इस्त्री पुढे सारली.
ती जागची हलेना.
मग वाकून, दोन्ही हातांनी.